आई ब्राझीलला, बहीण कॅनडात

जमालचा अर्ज पहिल्यांदा माझ्या टेबलावर आला तेव्हा त्यात एक रकाना रिकामा होता, आणि रिकामा रकाना मला खपत नाही. ही माझी जुनी खोड आहे. वसईला पपांच्या रेशनकार्डाच्या अर्जापासून मस्कतमधल्या या कंपनीच्या टेंडरपर्यंत मी हजारो कागद भरले, पण त्यात पांढरी जागा कधी ठेवली नाही. काही लिहिण्यासारखं नसेल तर रेघ मारते. मोकळं सोडत नाही.

साल होतं ब्याण्णव. आमची कंपनी रस्ते बांधायची. ऑफिस रुवीत, आणि मी तिथली सेक्रेटरी. म्हणजे टायपिंग, फायली, रजेचे अर्ज आणि साहेबाच्या रागाचा पहिला हप्ता, हे सगळं माझ्याकडे. राहायला आम्ही दार्सैतला. नवरा मार्सेल एका हॉटेलात रिसेप्शनवर, मुलगी शॅनन पहिलीत. जमाल नवीन सर्व्हेयर म्हणून लागला तेव्हा तिशीचा होता. उंच, हाडकुळा, शर्टाला कडक इस्त्री आणि खिशात दोन पेनं, त्यातलं एक लाल. आवाज इतका हळू की समोरच्याने दोनदा ‘काय?’ म्हणावं. मला अशा माणसांचा कंटाळा येतो. बोलायचं असेल तर बोला, नाहीतर गप्प बसा.

अर्जात ‘जवळचे नातेवाईक’ असा भाग होता. नाव, नातं, पत्ता, देश. त्याने आईच्या पुढे लिहिलं होतं, ब्राझील, रफाह. बहिणीच्या पुढे, कॅनडा, रफाह. देशाचा रकाना दोन्हीकडे कोरा. मी मनात म्हटलं, या लोकांना पत्ता लिहायचीसुद्धा अक्कल नाही. रफाह म्हणजे त्यांचं आडनाव असेल किंवा बिल्डिंगचं नाव असेल. मी ब्राझील उचललं आणि देशाच्या रकान्यात टाकलं. कॅनडाचंही तेच केलं. चार प्रती काढल्या, जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने फुली मारली, आणि त्याने फुलीवर सही केली. वाचलं नाही. मीही वाच म्हटलं नाही. मटिल्डाने टाइप केलेलं वाचायचं काय, असा माझा तेव्हाचा तोरा होता.

ऑफिसात बातमी पसरायला दुपार लागली नाही. हिशेबनीस रामकृष्ण मंगळूरचा, आणि त्याच्या मेव्हण्याला कॅनडाला जायचं खूळ होतं. तो जमालला गाठायचा.

“जमालभाई, सिस्टर किधर है? कॅनडा?”

“कॅनडा.”

“कैसा है उधर?”

“रेती बहुत है.”

रामकृष्ण माझ्याकडे येऊन कुजबुजायचा, “मॅडम, ये आदमी पक्का है. रिश्तेदारों का नंबर नहीं देगा.” सगळ्यांनी ठरवून टाकलं की जमालचं घराणं मोठं, माणसं परदेशात पसरलेली, आणि हा बिचारा इथे उन्हात खुंट्या ठोकतोय म्हणजे घरच्यांशी भांडून आला असणार. त्याला ‘कॅनडावाला’ नाव पडलं. त्यानेही कधी खोडून काढलं नाही. पुढे मी कारण विचारलं तर म्हणाला, “खरं सांगायला अर्धा तास लागतो. शेवटी लोक अरेरे म्हणतात आणि चहा प्यायला निघून जातात. कॅनडा म्हटलं की पुढचं विचारत नाहीत.”

मला खरं कळलं ते चौऱ्याण्णवच्या नाताळाआधी, तेही तिकिटांमुळे. शॅननला पोस्टाची तिकिटं जमवायचा नाद लागला होता. मी जमालला म्हटलं, “आईचं पत्र आलं की ब्राझीलचं तिकीट पोरीला आणून दे.” आमचं बोलणं इंग्रजी, हिंदी आणि अरबीच्या खिचडीत चालायचं. तोवर तो मला त्यांच्या पद्धतीप्रमाणे ‘उम्म शॅनन’ म्हणायला लागला होता, म्हणजे शॅननची आई. मला ते आवडायचं. मॅडम म्हणून घेण्यापेक्षा बरं वाटायचं.

तो म्हणाला, “उम्म शॅनन, त्या ब्राझीलचं तिकीट नसतं.”

मग त्याने माझ्या टेबलावर ट्रेसिंग पेपरचा तुकडा पसरला आणि नकाशा काढला. सर्व्हेयरच तो. उत्तर दाखवणारा बाण आधी काढला, खाली प्रमाण लिहिलं, आणि मग गाव. रफाह हे गाव होतं. एका बाजूला गाझा, दुसऱ्या बाजूला इजिप्त. खूप वर्षांपूर्वी संयुक्त राष्ट्रांचे शिपाई तिथे मुक्कामाला होते. एका ठिकाणी कॅनडाचे, एका ठिकाणी ब्राझीलचे. शिपाई गेले, नावं राहिली. पुढे त्या जागांवर निर्वासितांच्या वस्त्या झाल्या आणि त्यांना कॅनडा आणि ब्राझील म्हणायला लागले. त्याने लाल पेन काढलं आणि दोन वस्त्यांच्या मधून एक रेघ ओढली.

“ही ब्याऐंशी सालची सरहद्द,” म्हणाला. “कॅनडा इजिप्तकडे गेलं. ब्राझील इकडे राहिलं. आईच्या गच्चीपासून बहिणीच्या दारापर्यंत साडेतीनशे मीटर.”

“तू मोजलंस?”

“पावलांनी. तार लागायच्या आधी.”

तेव्हा तो वीस वर्षांचा होता. माणसं फीत आणि खुंट्या घेऊन आली, मागून शिपाई आले, त्यांच्या मागून काटेरी तार आली. शेजाऱ्याची संत्र्याची झाडं तिकडे गेली आणि विहीर इकडे राहिली. बहिणीचं लग्न आधीच्या वर्षी कॅनडात झालं होतं. म्हणजे चार गल्ल्या पलीकडे दिली होती, जशी आमच्याकडे पापडीची मुलगी गिरीजला देतात. एका सकाळी ती परदेशात राहायला लागली. मी विचारलं, मग भेटायचे कसे? तो म्हणाला, भेटायचे नाहीत, ओरडायचे. दुपारनंतर दोन्हीकडची माणसं तारेपाशी जमायची. मध्ये शिपायांचा रस्ता. इकडून एक ओरडणार, तिकडून दुसरा. कोण मेलं, कुणाचं लग्न ठरलं, भेंडीला काय भाव आहे, सगळं. एका बाईने नातवाचं नाव ओरडून सांगितलं ते पलीकडे आजीला चुकीचं ऐकू आलं. आजी मरेपर्यंत त्याला त्याच नावाने हाक मारत होती.

हे सगळं त्याने साइटचा रिपोर्ट द्यावा तसं सांगितलं. आवाज वर नाही, खाली नाही. मला वाटलं होतं की अशा गोष्टी सांगताना माणसाचा गळा तरी दाटावा. त्याचा दाटला नाही, आणि खरं सांगायचं तर माझाही नाही. मी कागदाकडे बघत होते.

त्याच वर्षी, म्हणजे ब्याऐंशीलाच, तो शिकायला अलेक्झांड्रियाला गेला. सर्व्हे शिकला. गाझातल्या निर्वासिताला इजिप्तने दिलेला प्रवासाचा कागद त्याच्याकडे होता. बाहेर ठरावीक मुदतीपेक्षा जास्त राहिला म्हणून घरी परतायचा हक्क गेला. सत्त्याऐंशीला कुवेतला नोकरी मिळाली तेव्हा जायच्या आधी तो कॅनडात बहिणीकडे गेला आणि तारेपाशी उभा राहिला. पलीकडे आई आली. त्या दिवशी वारा होता आणि आजूबाजूला तीस-चाळीस माणसं आपापलं ओरडत होती. आई काहीतरी ओरडून बोलली. त्याला ऐकू आलं नाही. तो “काय?” म्हणाला. ती पुन्हा बोलली. मग शिपायांनी सगळ्यांना हटवलं.

“नंतर फोनवर विचारलंस की नाही?”

“विचारलं. तिला आठवत नाही. म्हणाली, जेवलास का असंच काहीतरी असेल.”

पुढे एक्क्याण्णवच्या लढाईनंतर कुवेतने पॅलेस्टिनी लोकांना घालवलं, तो इथे आला. त्या कागदावर त्याला गाझात जाता येत नव्हतं. ज्या इजिप्तने कागद दिला, त्या इजिप्तलाही सहज जाता येत नव्हतं. मी दहा वर्षं पासपोर्ट हाताळत होते, असला कागद पाहिला नव्हता. लग्न केलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचा, “वऱ्हाड आणायचं कुठून?” आईच्या घरांची यादी त्याला पाठ होती. पहिलं मूळ गावात, ते अठ्ठेचाळीसला सुटलं. दुसरं रफाहच्या छावणीत, ते एकाहत्तर साली रस्ता रुंद करायला पाडलं. तिसरं ब्राझीलमध्ये. मी म्हटलं, आमच्याकडे एकच घर आहे आणि त्यावर चार भाऊ कोर्टात आहेत. तो हसला. मी त्याला हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्या दिवशी मी रेकॉर्ड दुरुस्त करायला हवं होतं. पाच मिनिटांचं काम नव्हतं, चारही प्रती परत मागवाव्या लागल्या असत्या, साहेबाची सही घ्यावी लागली असती. पण न करण्याचं कारण ते नव्हतं. माझ्या टायपिंगमध्ये चूक निघाली हे रामकृष्णला कळू द्यायचं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. इतकं क्षुल्लक कारण होतं. सत्त्याण्णवला कॉम्प्युटर आले, जुनं रेकॉर्ड जसंच्या तसं आत गेलं, आणि जमालची आई त्या पडद्यावरही ब्राझीलचीच झाली.

दोन हजार साली जमाल सीनिअर सर्व्हेयर झाला. त्या हुद्द्यावर आईला भेटीच्या व्हिसावर बोलावता येत होतं. गाझाच्या लोकांना तोवर स्वतःचे पासपोर्ट मिळाले होते, आईनेही काढून ठेवला होता. रफाहचा सीमेवरचा दरवाजा उघडा होता. तिथून कैरो, कैरोहून विमान. त्याच सुमारास बहिणीलाही पलीकडे, आईच्या बाजूला, घर मिळालं. कॅनडातली माणसं सरकार हळूहळू परत नेत होतं आणि तिचा नंबर लागला होता. त्या दोघींना आता ओरडावं लागत नव्हतं. राहिला होता हा एकटा. आईला शेवटचं जवळून पाहिलं त्याला अठरा वर्षं झाली होती.

मग या माणसाने जे सुरू केलं ते मी कधी विसरणार नाही. अल खौदला तळमजल्याची दोन खोल्यांची जागा घेतली, कारण आईचे गुडघे दुखायचे. उंबरा जास्त उंच वाटला म्हणून घरमालकाच्या मागे लागून तो तासून घेतला. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवायचा तर तो किती उंचीवर? आईला फोन करून सांगितलं, सरळ उभी राहा, कमरेपासून जमिनीपर्यंत दोरी धर, गाठ मार आणि शेजारच्या शिंप्याकडून मोजून घे. अठ्ठ्याऐंशी सेंटीमीटर. मार्सेल एका शुक्रवारी चर्चमधल्या मासनंतर त्याला दांडा ठोकायला मदत करून आला. म्हणाला, “अगे, त्याने लेव्हल लावून तीनदा तपासला. टॉवेल टांगायच्या दांड्याला एवढं कोण करतं?” मी म्हटलं, तो टॉवेलचा नाही.

व्हिसाचा अर्ज मी जुलैत टाइप केला. दुसऱ्या दिवशी माझं विमान होतं. माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, पंचेचाळीस दिवसांची रजा काढली होती, बॅगेत अजून खजूर भरायचे होते. हात चालत होते आणि डोकं वसईला पोचलं होतं. मी कॉम्प्युटरवर जमालची माहिती उघडली आणि उतरवली. आईचं नाव. जन्मसाल. राहण्याचा देश, ब्राझील. खरं मला सहा वर्षांपासून माहीत होतं. नकाशाचा तो कागद माझ्याच ड्रॉवरमध्ये होता. तरी बोटांनी तेच लिहिलं, कारण समोर तेच होतं.

आमचा पीआरओ मुस्तफा. सरकारी कचेऱ्यांची कामं तो बघायचा. त्याने माझ्या इंग्रजीवरून अरबी अर्ज केला आणि देऊन आला. ब्राझीलमध्ये अरब खूप आहेत, त्याला काही खटकलं नाही. जमाल आदम गावाच्या पुढे रस्त्याच्या साइटवर होता, गुरुवारी दुपारी तेवढा यायचा. मुस्तफाला विचारायचा, आणि मुस्तफा सांगायचा, “बुकरा, इन्शाल्ला,” म्हणजे उद्या, देवाने केलं तर.

मी सप्टेंबरच्या मध्यावर परत आले. आईचा डोळा छान झाला होता, तिने मला जवळ घेऊन माझे पांढरे केस मोजले होते. टेबलावर माझा ट्रे होता. त्यावर मीच चिकटवलेली चिठ्ठी होती, ‘हात लावू नये’. ट्रेमध्ये सगळ्यात वर जमालच्या आईचा अर्ज. परत आलेला. पासपोर्ट आणि राहण्याचा देश जुळत नाही, ब्राझीलमधल्या वास्तव्याचा पुरावा जोडावा. तारीख नऊ ऑगस्ट.

मी मुस्तफाला बोलावलं. “पाच आठवडे हे इथे पडलंय?”

“वल्ला, मटिल्डा, मला वाटलं तू आल्यावर बघशील. तुझ्या ट्रेला कोण हात लावणार?”

तेही खरंच. एकदा एकाने माझा स्टेपलर हलवला होता तर मी दोन दिवस बोलले नव्हते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी त्याच तासाला अर्ज नव्याने टाइप केला. देश, गाझा, पॅलेस्टाइन. मुस्तफाला म्हटलं, यल्ला, आत्ताच्या आत्ता जा. जमालला सांगितलं की कचेरीतून उशीर झाला. तो “इन्शाल्ला” म्हणाला आणि साइटवर गेला. मला लाज वाटत होती, पण तेव्हा असंही वाटत होतं की दोन-तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे, म्हातारी येईल, दांडा धरेल, आणि हे सगळं विसरून जाऊ.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिकडे गाझात लढाई पेटली. व्हिसा आला ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात.

दरवाजा कधी उघडायचा, कधी बंद व्हायचा, काही भरवसा नसायचा. पहिल्यांदा आई गाठोडं घेऊन गेली आणि सकाळपासून दुपारपर्यंत त्या गाठोड्यावर बसून राहिली. परत गेली. दुसऱ्यांदा नोव्हेंबरात, दोन तास उघडला तेव्हा तिचा नंबर खूप मागे होता. गुडघे सुजले. व्हिसाची मुदत संपली. मी पुढच्या वर्षी दुसरा काढून दिला, एका आठवड्यात, स्वतः तीनदा वाचून. पण तोवर लष्कराने सीमेलगतची घरं पाडायला सुरुवात केली होती आणि आई यायला तयार नव्हती. फोनवर म्हणाली, “रिकामं घर आधी पाडतात. मी बसून राहते.”

मी तोंडात मिठाची गुळणी धरली होती ती सोडली नाही. दर नाताळला त्याला घरी बोलवायचे, तळलेले गोड कलकल आणि केक बांधून द्यायचे. वजनात घेतलं तर दोन-तीन किलोंचं प्रायश्चित्त झालं असेल. तो खायचा, डबा धुऊन परत आणायचा. अल खौदची जागा त्याने सोडली नाही. रुवीच्या चर्चमध्ये मी फादरकडे कबुलीजबाब दिला. फादर म्हणाले, त्या माणसाला सांग. मी म्हटलं, सांगते. सांगितलं नाही.

दोन हजार चारच्या मे महिन्यात एका संध्याकाळी मार्सेलने टीव्हीसमोरून हाक मारली, “मटिल्डा, अगे, ब्राझील ब्राझील करतायत. मॅच आहे काय?” मी पोळपाट सोडून बाहेर आले. मॅच नव्हती. बुलडोझर होता. बायका गाद्या उचलून चालल्या होत्या. मार्सेलने आवाज बंद केला आणि आम्ही तसेच बघत राहिलो. शॅनन तेव्हा अठराची होत आली होती, म्हणाली, “मम्मी, इज धिस जमाल अंकल्स प्लेस?” मी हो म्हटलं आणि पोळी करपली म्हणून आत गेले.

शनिवारी जमाल ऑफिसात आला. इस्त्रीचा शर्ट, दोन पेनं. मी विचारलं. तो म्हणाला, “घर नाही. आई दोन दिवस शाळेत आसऱ्याला होती, आता बहिणीकडे आहे. शेगडी आणि दोन उशा निघाल्या.” मग म्हणाला की किलोमीटर चोवीसच्या लेव्हल्स, म्हणजे रस्त्याच्या उंचीचे आकडे, टाइप करायच्या आहेत. मी टाइप केल्या.

जमालची आई गेली दोन हजार सहा सालच्या जानेवारीत. न्यूमोनिया झाला. बहिणीचा फोन सकाळी आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता तो माझ्या टेबलासमोर उभा होता. नातेवाइकांची माहिती बदलायची होती. मी कॉम्प्युटर उघडला. पडद्यावर आलं, आई, ब्राझील. चौदा वर्षं झाली होती. मी व्हिसाचा अर्ज सुधारला होता, रेकॉर्ड तसंच राहिलं होतं. मला वाटलं आता नाही बोलले तर पुढे कधीच बोलणार नाही.

म्हटलं, “जमाल, तो पहिला अर्ज कचेरीतून उशिरा आला नव्हता. मी देश चुकीचा लिहिला होता. परत आला आणि माझ्या ट्रेमध्ये पाच आठवडे पडून होता.”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“त्याच ऑक्टोबरात. मुस्तफाने सांगितलं.”

मला राग आला. सहा वर्षं हा माणूस माझा केक खात होता आणि एक शब्द बोलला नव्हता. मी म्हटलं, “मग ओरडायचं होतंस माझ्यावर.”

“ओरडायला मला आवडत नाही, उम्म शॅनन.”

मी विचारायला नको होतं, पण विचारलं. “वेळेवर गेला असता अर्ज, तर आल्या असत्या का त्या?”

त्याने विचार केला. लेव्हल बघताना करतो तसा, एक डोळा बारीक करून. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, जाऊ दे, देवाची मर्जी. तो म्हणाला, “ऑगस्टमध्ये दरवाजा उघडा होता. आली असती.”

एसीचा आवाज येत होता. रामकृष्ण आत डोकावला आणि परत गेला.

मग जमालच म्हणाला, “मी आईला सांगितलं होतं. फोनवर. ती इतकी हसली की खोकला आला. मस्कतमध्ये एक भारतीय बाई आहे, तिने मला ब्राझीलला पाठवलं, असं साऱ्या वस्तीला सांगत सुटली. दरवाजावर रांगेत बसली तिथेही लोकांना हेच सांगत होती. बायका मुद्दाम ऐकायला यायच्या. विचारायच्या, उम्म जमाल, ब्राझीलहून कधी आलीस?” मग म्हणाला, “घर पडलं तेव्हा तुमच्यासाठी निरोप दिला होता. मी सांगितला नाही.”

“काय निरोप?”

“म्हणाली, त्या बाईला सांग, मी आता ब्राझीलची राहिले नाही. कागद बरोबर करून घे म्हणावं.”

माझे हात कीबोर्डवर होते. नावापुढे ‘मयत’ लिहायचं होतं ते लिहिलं. मग देशाच्या रकान्यावर आले. खोडायला गेले तर तो म्हणाला, “तो राहू दे.”

“ते चूक आहे, जमाल.”

“राहू दे.”

मी राहू दिलं. त्याने फुलीवर सही केली. या वेळी आधी वाचलं, सावकाश, बोट ठेवून.

दोन हजार आठ सालच्या एप्रिलमध्ये मी राजीनामा दिला. पंचवीस वर्षं पुरे झाली होती, आणि वसईला आईला आता दोन्ही डोळ्यांनी कमी दिसायला लागलं होतं. माझ्या जागी हेझल नावाची मुलगी आली. आईबाप नालासोपाऱ्याचे, जन्म मस्कतचा. चुणचुणीत, नखं रंगवलेली, आणि माझ्यासारखीच खोड, रकाना न् रकाना तपासणार. मला ती आवडली आणि तिची काळजीही वाटली. जमाल तेव्हा दुक्मच्या रस्त्यावर होता, महिन्यातून एकदा यायचा. मी निघायच्या आठवड्यात आम्ही दोघी सगळं रेकॉर्ड एकेक करून तपासत बसलो होतो.

“मॅम,” हेझल म्हणाली, “हा मिस्टेक आहे ना? मदर एक्स्पायर झाली, ओके. बट कंट्री ब्राझील? तो तर पॅलेस्टिनी आहे. मी ते काढते, हां? ब्लँक ठेवते.”

“नको काढू.”

“पण मॅम, ते राँग आहे.”

“राँग नाही,” मी म्हटलं. “ती तिथलीच होती.”

हेझलने माझ्याकडे पाहिलं, खांदे उडवले, सेव्हचं बटण दाबलं आणि पुढचं नाव उघडलं.